‘सीए रिपोर्ट’ म्हणजे काय, आणि तो वेळेत का यायला हवा?



गावात एखादी वाईट घटना घडते, पोलीस केस होते, आणि काही महिन्यांनी एक वाक्य हमखास कानावर येतं, “सीए रिपोर्ट अजून आलेला नाही.” पोलीस ठाण्यात विचारलं तर हेच उत्तर, दवाखान्यात विचारलं तरी हेच. कोर्टात पुढची तारीख पडते तीही बऱ्याचदा याच कारणानं. गटांच्या बैठकांना फिरताना अनेकींनी मला विचारलंय, “ताई, हा सीए कोण? आणि त्याच्या कागदासाठी एवढं थांबायचं का?” आज याच प्रश्नावर बोलू या.

सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. मराठीत रासायनिक विश्लेषक. गुन्ह्याच्या तपासात रक्त, कपडे, विष, दारू अशा वस्तू सापडतात. त्या वस्तू तपासून त्या काय सांगतात, हे लिहून देणारा सरकारी शास्त्रज्ञ म्हणजे सीए. आता या कामाला फॉरेन्सिक म्हणतात आणि प्रयोगशाळेचं मराठी नाव आहे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा. न्यायाला मदत करणारी प्रयोगशाळा. पोलिसांच्या आणि आपल्या तोंडी मात्र ‘सीए रिपोर्ट’ हाच शब्द राहिला.

आपल्या राज्यातली मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, आणि आणखी काही ठिकाणी लहान प्रयोगशाळा आहेत. आपल्या तालुक्यातून निघालेला नमुना यांपैकी एखाद्या ठिकाणी जातो आणि तिथे रांगेत उभा राहतो.

रांगेत काय काय असतं? विष पिऊन किंवा विष देऊन झालेल्या मृत्यूंचा व्हिसेरा, अत्याचाराच्या गुन्ह्यातले कपडे, खुनातली कुऱ्हाड, मोबाइल, सीसीटीव्हीचं चित्रण, बंदुकीची गोळी. गाडी चालवताना दारू प्यायला होता का, हे पाहायला घेतलेलं रक्तही तिथंच जातं. आणि ज्या हातभट्टीविरुद्ध आपण गावोगाव मोर्चे काढतो, त्या धाडीत पकडलेल्या दारूचा नमुनाही तिथंच जातो. म्हणजे ही प्रयोगशाळा फक्त मोठ्या शहरातल्या मोठ्या गुन्ह्यांसाठी नाही. आपल्या गावाचा तिच्याशी रोजचा संबंध आहे.

हा कागद कुणाच्या बाजूचा?

आपल्याला वाटतं, प्रयोगशाळा म्हणजे आरोपीला पकडायचं साधन. ते अर्धंच खरं आहे. डीएनए तपासणी गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा वापरली गेली ती गोष्ट ऐका.

इंग्लंडमध्ये लेस्टर शहराजवळ १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्यानं दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. त्याच काळात अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञानं डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत शोधली होती. पोलिसांनी त्यांच्याकडून नमुने तपासून घेतले. निष्कर्ष असा आला, की दोन्ही गुन्हे एकाच माणसानं केलेत आणि तो हा मुलगा नाही. कबुली दिलेली असूनही मुलगा सुटला. मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खऱ्या गुन्हेगारानं आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. ते उघडकीला आलं आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. म्हणजे डीएनएनं पहिलं काम केलं ते निर्दोष मुलाला सोडवण्याचं. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला.

आता आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सांगते. २००३ साली नाशिक जिल्ह्यात शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. हत्या झाल्या, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना अटक झाली. खालच्या कोर्टानं फाशी दिली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. पुढे हे प्रकरण पुन्हा उघडलं. तेव्हा समोर आलं, की त्या रात्री वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांची चौकशीच झाली नव्हती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. तपास प्रामाणिकपणे झाला नाही असं म्हटलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर तुरुंगात त्यांची सोळा वर्षं गेली होती. सहातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आता त्या पीडित कुटुंबाच्या बाजूनं विचार करा. त्यांना काय मिळालं? सोळा वर्षांनी कळलं, की शिक्षा झालेली माणसं ती नव्हतीच. चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर मोकळा राहतो. म्हणून चांगला तपास हा फिर्यादीचाही हक्क आहे आणि आरोपीचाही. आज आपली मुलगी फिर्यादी असेल, उद्या कुणाचा तरी मुलगा उगाच संशयित ठरेल. दोघांनाही भरवसा वाटावा असा पुरावा लागतो. साक्षीदार घाबरतो, विसरतो, फुटतो. कबुली मारून घेता येते. नीट गोळा केलेला आणि नीट तपासलेला पुरावा मात्र गरीब-श्रीमंत, जात, पुढारी असं काही पाहत नाही.

सुरुवात आपल्या अंगणातून होते

मैत्रिणींनो, प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे जे पोचेल तेच ती तपासणार. आणि पोलीस येण्याआधी घटनास्थळी कोण असतं? आपणच असतो.

२००८ साली नोएडामध्ये एका घरातल्या मुलीचा खून झाला. पहिल्याच दिवशी घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार अशी वर्दळ झाली. घरातल्या नोकरावर संशय घेतला गेला. दुसऱ्या दिवशी गच्चीचं दार उघडलं, तर त्याचाही मृतदेह तिथं होता. पहिल्या काही तासांत पुराव्याचं जे नुकसान झालं ते कधीच भरून निघालं नाही. आई-वडिलांना जन्मठेप झाली, २०१७ साली उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, आणि खून कुणी केले हे आजवर सिद्ध झालेलं नाही. शहरातल्या शिकल्या-सवरल्या वस्तीत हे झालं. मग आपल्याकडे, जिथं अख्खं गाव बघायला जमतं आणि कुणीतरी माया म्हणून फरशी पुसून काढतं, तिथं काय होत असेल?

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

घटना घडली ती खोली किंवा जागा जशी आहे तशी राहू द्या. जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या, जीव वाचवणं पहिलं. त्यानंतर दार ओढून घ्या, दोन जणींनी बाहेर बसा, कुणाला आत सोडू नका. सांडलेलं रक्त पुसू नका. पेला, बाटली, फवारणीच्या औषधाचा डबा, दोरी, चिठ्ठी यांना हात लावू नका. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा.

अत्याचाराची घटना असेल तर त्या बाईला किंवा मुलीला आंघोळ करावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तिला रागावू नका. शांतपणे सांगा, की तपासणी होईपर्यंत अंग धुऊ नकोस, कपडे धुऊ नकोस. कपडे बदलावेच लागले तर उतरवलेला प्रत्येक कपडा वेगवेगळ्या कागदी पिशवीत किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. आपण वाळवणं ओलसर असताना डब्यात भरत नाही, तसंच हे. कपडा ओला असेल तर सावलीत वाळू द्या, उन्हात टाकू नका.

तिला लवकर दवाखान्यात न्या. तीन-चार दिवस उलटले की शरीरावरचा पुरावा मिळण्याची शक्यता खूप कमी होते. आधी पोलिसांत तक्रार, मगच तपासणी, असा नियम नाही. ती थेट दवाखान्यात जाऊ शकते. सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं तिच्यावर मोफत उपचार करायलाच हवेत, नाकारले तर तो गुन्हा आहे. पोलिसांना आधी कळलं असेल तर त्यांनी २४ तासांच्या आत तिला तपासणीसाठी पाठवायचं असतं. तपासणी तिच्या संमतीनंच होते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. आणि जुन्या काळची ती दोन बोटांची तपासणी कुणी करत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ती चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की अशी तपासणी करणारा दोषी धरला जाईल.

उशीर झाला, कपडे धुतले गेले, म्हणून तक्रारच करायची नाही, असं मात्र करू नका. रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही म्हणजे बाई खोटं बोलते असा अर्थ होत नाही. तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर त्या एका साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. उलटी बाजूही लक्षात घ्या. डीएनए जुळला म्हणजे तो माणूस तिथं होता एवढं कळतं, तिची संमती होती की नाही हे डीएनए सांगत नाही. ते तिच्या साक्षीवरून आणि बाकीच्या परिस्थितीवरूनच ठरतं.

व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे काय?

सासरी मुलगी गेली, ‘औषध पिऊन गेली’ असं सांगितलं, आणि घाईघाईनं अंत्यविधीची तयारी सुरू झाली, असं आपण ऐकतो. अशा वेळी थांबवायची ताकद कायद्यानं दिली आहे. लग्नाला सात वर्षं पूर्ण झालेली नसताना बाईनं आत्महत्या केली असेल किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर पोलिसांनी शवविच्छेदन करून घ्यायचंच असतं. सात वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि नातेवाइकानं मागणी केली, तरीही करायचं असतं. माहेरच्या माणसांनी ही मागणी लेखी द्यावी.

शवविच्छेदनात डॉक्टर पोट, आतडं, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे भाग काढून बरण्यांत ठेवतात. यालाच व्हिसेरा म्हणतात. विषाच्या तपासणीसाठी तो साधारणपणे मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात. रक्ताची बाटली वेगळी असते. मग डॉक्टर लिहितात, ‘मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे.’ याचा अर्थ प्रकरण दाबलं असा नाही. कोणतं विष होतं, होतं की नव्हतंच, हे प्रयोगशाळेकडून कळल्यावर डॉक्टर आपलं मत देणार. गळा दाबून मग तोंडात औषध ओतलं असेल, तर शवविच्छेदन आणि सीए रिपोर्ट एकत्र वाचल्यावर ते उघड होऊ शकतं. म्हणून ‘आता कशाला तिचे हाल’ असं म्हणणाऱ्यांना समजवा. तिच्या बाजूनं बोलणारं आता दुसरं कुणी उरलेलं नसतं.

लाखेचं सील आणि नमुन्याचा प्रवास

घटनास्थळावरून उचललेली प्रत्येक वस्तू दोन पंचांसमोर पाकिटात भरतात, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात आणि लाखेचं सील करतात. मग ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाते, तिथून पोलीस कर्मचारी ती प्रयोगशाळेत पोचवतो. कुणी, कधी, कुणाच्या हातात दिली, याची प्रत्येक ठिकाणी नोंद होते. मधली एक नोंद जरी तुटली, सील फुटलेलं निघालं, तरी आरोपीचा वकील कोर्टात विचारतो, “हा नमुना तोच कशावरून?” आणि तो प्रश्न रास्तच असतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात एका महागड्या गाडीनं दोन तरुण जिवांना चिरडलं. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना दवाखान्यातच बदलला, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यात डॉक्टरांनाही अटक झाली. हे कशावरून कळलं? दुसऱ्या दवाखान्यात घेतलेला नमुना आणि वडिलांचा डीएनए पडताळून पाहिला, तेव्हा पहिला नमुना त्या मुलाचा नसल्याचं दिसलं. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण दोन गोष्टी आपण शिकू शकतो. नमुना घेणारा हात स्वच्छ नसेल तर यंत्रं कितीही महाग असोत, उपयोग नाही. आणि प्रयोगशाळा नीट काम करत असेल तर असा डाव उघडाही पडतो.

म्हणून आपल्यापैकी कुणाला पंच म्हणून बोलावलं तर कोऱ्या कागदावर सही करू नका. वस्तू डोळ्यांसमोर पाकिटात जाऊ द्या, सील होऊ द्या, पंचनामा वाचून घ्या, मगच सही करा. नव्या कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यात चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. ते होतंय का, हे विचारायला घाबरू नका.

कायदा पुढे गेला, सोयीही पुढे जायला हव्यात

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ मध्ये महत्त्वाची तरतूद आहे. ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, त्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे.

यासाठी आपल्या राज्यात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या २१ व्हॅन सुरू झाल्या, एकूण २५६ व्हॅनची योजना आहे. ही गोष्ट स्वागताची आहे. पण जरा हिशोब करू. आपण गटाचा हिशोब करतो तसाच. व्हॅन वाढल्या, तज्ज्ञ घटनास्थळी गेले, की नमुने वाढणार. नमुने वाढले आणि प्रयोगशाळेत तपासणारे हात तेवढेच राहिले, तर रांग आणखी लांबणार. डीएनए तपासायला यंत्र लागतं, महागडी रसायनं लागतात, शिकलेला माणूस लागतो आणि त्या माणसाला साक्षीसाठी कोर्टातही जावं लागतं. रिक्त पदांवरून आणि रखडलेल्या रिपोर्टांवरून न्यायालयांनी वेळोवेळी सरकारला सुनावलं आहे.

या उशिराची किंमत कोण मोजतं? आरोपपत्रात पोलीस लिहितात, ‘सीए रिपोर्ट मिळाल्यावर सादर करू.’ खटला रेंगाळतो. तोवर फिर्यादी मुलीचं लग्न होतं, साक्षीदार ऊसतोडीला जातो, गावातली माणसं ‘मिटवून टाका’ म्हणू लागतात. दुसरीकडे जामीन न मिळालेला गरीब माणूस, कदाचित निर्दोषही, तुरुंगात दिवस मोजत राहतो आणि त्याच्या बायकोवर घर चालवायची वेळ येते. तीही आपल्याच एखाद्या गटात असते.

गट आणि ग्रामसंघ काय करू शकतात?

एखाद्या केसमध्ये आपण त्या कुटुंबासोबत असू, तर एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्या. तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा, नमुने कोणत्या प्रयोगशाळेत गेले, कोणत्या तारखेला गेले, जावक क्रमांक काय. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे. महिला हेल्पलाइन १८१ आणि मुलांसाठी १०९८ हेही लिहून ठेवा.

केस नसतानाही काम आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं, की आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, किती नमुने तपासायचे राहिलेत, आपल्या जिल्ह्याला किती फॉरेन्सिक व्हॅन मिळाल्या. एखाद्या चालू तपासाची माहिती नाकारली जाऊ शकते, पण ही आकडेवारी विचारायला हरकत नाही. उत्तर आलं की ते ग्रामसंघात वाचा, आमदारांना द्या आणि अधिवेशनात प्रश्न विचारा म्हणून सांगा. ग्रामीण रुग्णालयात अत्याचाराचा पुरावा गोळा करायचं किट आहे का, ते वापरायला कर्मचाऱ्यांना शिकवलंय का, हे रुग्ण कल्याण समितीत विचारा. पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीत आपली मैत्रीण असेल तर तिच्याकडून हा विषय मांडून घ्या.

गावाला रस्ता हवा, नळ हवा, दवाखान्यात डॉक्टर हवा, म्हणून आपण ठराव करतो. प्रयोगशाळेत माणसं हवीत, रिपोर्ट वेळेत हवा, हाही ठराव करायला हवा. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कागदी पिशवी, सील, जावक क्रमांक, हे तीन शब्द जरी प्रत्येकीला पाठ झाले तरी आजचं बोलणं कामी आलं असं मी म्हणेन.

तुमचे प्रश्न आपल्या रेडिओ केंद्राकडे जरूर पाठवा.